एका बाकावर चार हात

एका पियानोवर दोन माणसं शेजारी शेजारी बसून वाजवतात, असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममधला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "का? दुसरा पियानो मिळाला नाही?" मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवते, त्यामुळे प्रश्न आला की उत्तर द्यायची खोड आहे. मी सांगते, की दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात रेकॉर्ड नव्हती, रेडिओ नव्हता. मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत ऐकायचं तर मोठ्या शहरात जायला हवं. मग लोक तेच संगीत चार हातांसाठी लिहून घ्यायचे आणि घरच्या पियानोवर वाजवायचे. बहिणी-बहिणी, नवरा-बायको, शिक्षक आणि विद्यार्थिनी. पुढे काही संगीतकारांनी खास चार हातांसाठीच लिहिलं, आणि त्यातलं काही इतकं सुंदर आहे की दोन हातांच्या माणसानं हळहळावं. एवढं सांगून होईपर्यंत चहा आलेला असतो आणि विषय पेपर तपासणीवर गेलेला असतो.

मार्च आला की मी शनिवारी दुपारी माहेरी जायला तासगावची एस.टी. धरते. बारावीचे पेपर चालू असतात, सुपरव्हिजन करून पायाचे तुकडे पडलेले असतात, तरी जाते. तासगाव जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बेदाण्याच्या शेड दिसायला लागतात. आत जाळ्यांचे मजले, त्यावर द्राक्षं पसरलेली, बाहेरून हिरवं कापड. खिडकीतून गोडसर, जरासा आंबूस वास येतो. हा वास आला की मला पियानो आठवतो. लोकांना अत्तरानं कुणी कुणी आठवतं म्हणतात. माझं हे असं आहे.

आठवतो तो सात वर्षांपूर्वीचा हंगाम. त्या हंगामात आण्णांचे कान गेले. खरं तर कान आधीच गेले होते. मला कळलं तेव्हा.

आण्णा म्हणजे माझे वडील. पायदळाच्या बँडमध्ये त्यांनी वीस वर्षं युफोनियम वाजवलं. हे मोठ्या पोटाचं पितळी वाद्य, मांडीवर घेऊन बसायचं आणि खालचे जाड सूर काढायचे. आमच्या घरातले सगळे पुरुष फौजेत. पण बंदूक सोडून पिपाणी हातात घेतलेले आण्णाच पहिले, म्हणून आजोबांनी भावकीत वर्षभर कुणाला सांगितलंच नव्हतं. फौजेतून आल्यावर आण्णा पाचगणीच्या एका निवासी शाळेत बँडमास्तर झाले. तिथल्या पियानोच्या बाई म्हाताऱ्या होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांना शेजारी बसून वाजवणारं कुणीतरी हवं होतं. आण्णांना नोटेशन फडाफडा वाचता यायचं. बाईंनी त्यांना पियानो शिकवला, आण्णांनी मला. शाळा सुटल्यावर, हॉलच्या खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवलेल्या असताना, मी तिथं बसून बोटं बडवायची. बाई गेल्या तेव्हा चार हातांच्या तुकड्यांचं एक पुस्तक आण्णांना देऊन गेल्या.

आण्णा निवृत्त झाले त्या वर्षी शाळेनं नवा पियानो घेतला आणि जुना त्यांना दिला. तो द्राक्षाच्या टेम्पोतून पसरणीच्या घाटानं खाली आला. गावात उतरवताना आठ माणसं लागली आणि ऐंशी माणसं सल्ले द्यायला. पाचगणीच्या धुक्यात वाढलेलं लाकूड आमच्या गावच्या कोरड्या हवेला टिकेना. पहिल्याच उन्हाळ्यात आतून कडकड आवाज यायला लागले. आण्णांनी खालची फळी काढून आत पाण्याचं तसराळं ठेवलं, आणि आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी पियानोला पाणी घालायला लागली. दर वर्षी द्राक्षाचा माल आमच्या बेदाण्याच्या शेडवर चढायच्या आधी आण्णा किल्ली घेऊन बसायचे आणि दोन दिवस खपून एकेक तार सुरात लावायचे. त्या दोन दिवसांत घरात मिक्सर लावायची परवानगी नसे.

त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेतून पत्र आलं. एप्रिलमध्ये जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि बँडमास्तरांनी मुलीबरोबर काहीतरी वाजवावं अशी मुलांची इच्छा होती. मुलं म्हणजे आता पन्नाशीला टेकलेली माणसं. आण्णांनी पत्र तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. संध्याकाळी म्हणाले, "बाईंच्या पुस्तकातला त्यो मोठा तुकडा काढू. त्या म्हनायच्या, ह्यो तुमाला जमायचा न्हाई, तुमी फौजी मानूस."

बाईंचं खरं होतं. तुकडा संथ होता, उदास होता, आणि त्यात मधेच थबकायचं, मग पुन्हा निघायचं असा प्रकार होता. आण्णांची तालमीची सवय कवायतीची. ते तोंडानं "एक-दो-एक" मोजायचे आणि मी जरा थांबले की म्हणायचे, "ह्यो लंगडतोय का गं?" मी म्हणायची, "लंगडत नाही आण्णा, विचार करतोय." त्यावर ते म्हणायचे, "चालता चालता इचार करावा की."

चार हातांच्या वादनात बसायची जागा ठरलेली असते. डावीकडचा माणूस खालचे सूर वाजवतो, उजवीकडचा वरचे. खाली पायाशी पेडल असतं. ते दाबलं की सूर लांबतात, आणि ते सांभाळायचं काम डावीकडच्या माणसाचं. बाक एकच. कोपराला कोपर लागतं, कधी एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून जातो, आणि शेजारच्यानं श्वास कधी घेतला ते कळतं. लग्नानंतर वडिलांच्या इतक्या जवळ मी कधी बसले नव्हते. त्यांच्या शर्टाला तंबाखूचा आणि वाळवणाआधी द्राक्षं बुडवायच्या तेलाचा वास येत होता, आणि मला, चाळीस मुलांच्या वर्गाला दरडावणाऱ्या बाईला, उगाच रडू यायला लागलं होतं. मी नाक ओढलं. आण्णा म्हणाले, "सर्दी झालीया काय?"

पुस्तकाची गंमत इथंच झाली. असल्या पुस्तकात डाव्या पानावर खालचा भाग छापलेला असतो आणि समोरच्या उजव्या पानावर वरचा. दोघांनी एकाच पुस्तकात आपापलं पान बघून वाजवायचं. मला तर सरावासाठी माझा भाग सांगलीला न्यायचा होता. घरी छोटा कीबोर्ड होता. आण्णांनी फौजी तोडगा काढला. बँडमध्ये प्रत्येकाला आपापल्या भागाचा वेगळा कागद मिळतो. "हरेकाचा पार्ट येगळा. त्यात काय अवघड हाय?" म्हणत त्यांनी पट्टी घेतली, पातं घेतलं, आणि बाईंचं पुस्तक शिवणीवरून सरळ कापून काढलं. पानं सुटी झाली. मग ते जमिनीवर बसून वाटणी करायला लागले. मला म्हणाले, "उजवी पानं तुझी, शैला, डावी माझी."

चौथ्या-पाचव्या पानाला त्यांचा हात थांबला. उजव्या पानाच्या पाठीवर पुढचं डावं पान असतं. म्हणजे माझ्या प्रत्येक पानाच्या पाठीवर त्यांचं पान होतं. मी माझी पानं घेऊन गेले असते तर त्यांचीही घेऊन गेले असते. आण्णांनी एक पान उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. आई दारात बेदाणे निवडत होती. ती म्हणाली, "आवं, भावकीतल्या इतक्या वाटण्या केल्यासा, तिथं बांधावरनं डोकी फुटली. पर असली न वाटनारी जमीन आजच बघितली."

"हसू नगं," आण्णा म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले.

मग त्यांनी माझा भाग हातानं लिहून काढला. बँडमध्ये असताना ते कारकुनासारखे भाग उतरवून द्यायचे, तो हात अजून होता. हिशेबाच्या वहीच्या कोऱ्या पानांवर पट्टीनं पाच-पाच रेघा, त्यावर शाईचे गोल ठिपके, सगळे एका उंचीचे. दिवसा शेडवर, दुपारच्या झोपेच्या वेळी लिखाण. अकरा दिवस लागले. कुठलं बोट कुठं घालायचं त्याचे आकडेसुद्धा त्यांनी वर लाल पेनानं घातले. ती पानं माझ्याकडे अजून आहेत. मूळ पुस्तकापेक्षा मला ती वाचायला सोपी जातात.

पहिली शंका मला सुरांवरून आली. त्या वर्षीही आण्णा किल्ली घेऊन बसले होते. पण खालचे आणि मधले सूर चोख लागलेले, आणि अगदी वरच्या दीड सप्तकातल्या तारा मात्र बेसूर. मी म्हटलं, "वरचं राहिलंय वाटतं." ते म्हणाले, "लावलंय की." मला वाटलं, वय झालं, कंटाळा आला असेल. मग पेडलचं लक्षात आलं. माझा सूर बदलला तरी ते पेडल सोडायचे नाहीत, आणि वरचे सूर एकमेकांत मिसळून नुसता काला व्हायचा. हे आण्णांचं काम नव्हतं. पोरांच्या बँडमध्ये मागच्या रांगेतल्यानं चुकीचा सूर लावला की पाठ फिरवलेली असतानाही ते नाव घेऊन ओरडायचे.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला माझं बोलनं लगीन झाल्यापासनं ऐकू येत न्हाई. त्यात नवं काय?" आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, की जाळी झाडताना वाळलेला माल खाली पडतो तेव्हा वाजतो, ओला असला तर नुसता पडतो. आण्णा नेहमी उभे राहून ऐकायचे आणि सांगायचे, आणखी दोन दिवस. यंदा मात्र ते प्रत्येक वेळी तिलाच बोलवत होते. "तू बघ, म्हनत्यात. मला वाटलं, मला मान द्याया लागल्यात."

मग मी एक वाईट गोष्ट केली. पुढच्या शनिवारी तिसऱ्या ओळीत जिथं काळी पट्टी आहे तिथं मी मुद्दाम शेजारची पांढरी दाबली. कानात काटा जावा असा सूर. आण्णा शांतपणे पुढे वाजवत राहिले, "एक-दो-एक". मी परत आले त्या जागी तेव्हा परत तेच केलं. रविवारीही केलं. त्यांचा चेहरा हलला नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाला पकडताना जशी मी मागून चालत जाते, तसं चाललं होतं माझं, आणि मला त्याची लाज वाटत होती. तरी पुढच्या आठवड्यातही मी तेच केलं. खात्री करून घ्यायची, एवढंच कारण मी स्वतःला देत होते. खरं कारण असं, की चुकीचा सूर वाजवणं सोपं होतं आणि विचारणं अवघड.

कारण विचारलं असतं तर पुढचं सगळं आलं असतं. पाचगणीला जायचं की नाही? पन्नास-साठ माणसं, ज्यांना आण्णांनी सूर म्हणजे काय ते कान धरून शिकवलं, त्यांच्यासमोर आण्णांचं पेडल वरच्या सुरांचा काला करणार, आणि एकेकाच्या चेहऱ्यावर ती कीव येणार. ते मला बघवणार नव्हतं. आणि नाही म्हणून कळवावं, तर त्यांच्याकडून ते पत्र काढून घेतल्यासारखं होणार होतं. सांगलीला परतताना एस.टी.त मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. आण्णा, आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ. आण्णा, यंदा नको. आण्णा, माझे पेपर तपासायचे राहिलेत, मला जमणार नाही. शेवटचं वाक्य मला सर्वांत आवडायचं, कारण त्यात दोष माझ्याकडे यायचा.

मेळाव्याला आठ दिवस राहिले होते. रविवारची सकाळ. शेडवर झाडणी चालू होती, बायकांचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. आज पेपर तपासणीचं वाक्य बोलायचंच असं ठरवून मी बाकावर बसले. सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत आले आणि सवयीनं पांढरी पट्टी दाबली.

आण्णांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"आता बास कर," ते म्हणाले. "काळी हाय ती. तीन आठवडं झालं, पांढरी दाबतीस."

मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू येतं?"

"न्हाई. दिसतंय की. तुझा पार्ट मी माझ्या हातानं लिवलाय. कुठलं बोट कुठं पडाया पायजे, मला ठावं न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"तू का बोलली न्हाईस?"

बाहेर कुणीतरी बाई खळखळून हसली. आण्णा समोरच्या पानाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, आज इचारंल पोरगी, उद्या इचारंल. तू नुसती चुकतच ऱ्हायलीस."

मग त्यांनी सांगितलं. एखाद्यानं पिकाचं सांगावं तसं, सरळ. दोन वर्षं झाली. आधी चिमण्या गेल्या. एक दिवस लक्षात आलं, की झाडावर चोच हलतीय पण आवाज नाही. मग फोनची घंटा गेली. मग पियानोच्या वरच्या पट्ट्या. सूर लावताना तार ताणली की नुसतं लाकूड ठोकल्यासारखं लागायचं, म्हणून वरच्या तारा अंदाजानं लावल्या. "तुझ्या आईचं बोलनं तेवढं येतंय अजून," ते म्हणाले. "त्याला काय इलाज न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू फुटलं. या वेळी त्यांनी सर्दीचं विचारलं नाही. मी म्हटलं, "शाळेत नाही म्हणून कळवू या का?"

"का? खालचं मला येतंय ऐकू. वरचं तुला येतंय. दोघात मिळून सगळं येतंय की." मग त्यांनी उजवा पाय पेडलवरून काढला आणि बाकाच्या डाव्या अंगाला घेतला. "पेडल तू सांभाळ."

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळलं. डावीकडच्या माणसाकडून पेडल काढून घेणं म्हणजे बँडमास्तराच्या हातातून काठी काढून घेणं. मी पाय तिथं ठेवला. पेडल त्यांच्या पायानं अजून कोमट होतं.

"आनी शेवटाला," ते म्हणाले, "तू हात उचललास की मी उचलनार. मला सूर कवा मावळला कळायचा न्हाई." नंतर पान नीट करता करता म्हणाले, "पुन्यांदा माझ्यापासनं असं काय लपवायचं न्हाई. काय असंल ते त्वांडावर सांगायचं." मी हो म्हटलं.

आता आण्णांकडे कानाचं मशीन आहे. ते बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असतं, कारण त्यातून भांड्यांचा आवाज फार येतो म्हणे. यंदाही आम्ही शनिवार-रविवार बाकावर बसतो. त्यांना आता खालचंही फारसं येत नाही. ते माझ्या कोपरावरून आणि श्वासावरून वाजवतात, आणि तरीही मी घाई केली की थांबून म्हणतात, "एस.टी. सुटतीया व्हय?" मी तपासून बघितलंय. दर वेळी मी खरंच घाई केलेली असते. गणिताच्या माणसाला हे पटायला जड जातं, पण आहे.

मेळाव्याचा दिवस मला तुटक तुटक आठवतो. हॉलमधल्या खुर्च्या या वेळी सुलट्या होत्या आणि त्यांवर माणसं होती. नवा पियानो काळा कुळकुळीत. आण्णांनी फौजेचा कोट घातला होता, आणि तो पोटावर बसत नव्हता म्हणून आईनं एक बटण सरकवून लावलं होतं. वाजवायला लागल्यावर ते मोजत नव्हते. तोंड बंद, नजर माझ्या हातांवर. जिथं थबकायचं तिथं ते माझ्याबरोबर थबकले. चालता चालता विचार करणारा माणूस, आणि एकदाही लंगडला नाही. दुसऱ्या पानानंतर मी भ्यायचं विसरले. कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचंही विसरले.

शेवट अगदी हळू आहे. चार हात खाली येऊन टेकतात, आणि सूर विरेपर्यंत पट्ट्या धरून ठेवायच्या. आम्ही टेकलो. सूर विरला. आता मी हात उचलायचे होते, आणि माझ्याच्यानं उचलवेनात. आण्णा शेजारी बसले होते, त्यांचे हात पट्ट्यांवर, डोळे माझ्या बोटांवर, आणि मी उचलेपर्यंत त्यांच्यासाठी ते संपलेलं नव्हतं. मला ते संपवायचं नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या तरी मी तशीच धरून बसले.

मग आण्णा माझ्याकडे जरासे झुकले आणि माझ्या कानाशी त्यांच्या हिशेबानं कुजबुजले, "शैले, सोड की आता! लोकं टाळ्या वाजवाया लागल्यात!"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्या एक क्षण थांबल्या. ज्यांना कळायचं त्यांना सगळं कळलं, माझ्या डोळ्यांसमोर कळलं. आणि मग सगळी माणसं उभी राहून पुन्हा टाळ्या वाजवायला लागली, आणि या वेळी हात डोक्याच्या वर धरून, आण्णांना दिसतील असे.

घाट उतरताना आण्णांनी गाडीत विचारलं, "कसं झालं? खरं सांग." मी सगळं खरं सांगितलं. कुठं मी घाई केली, कुठं पेडल उशिरा सोडलं, कुठं त्यांचा डावा हात जड पडला. ते मान हलवत होते. "आनी ती उभी का ऱ्हायली एकदम?" त्यांनी विचारलं.

"आवडलं म्हणून," मी म्हटलं. ते किती मोठ्यानं कुजबुजले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.